येनबांधचं देवधान

वैशाख सरत आला होता आणि येनबांधाचा तळ उघडा पडला होता.

सात डोंगरांच्या कुशीत पसरलेला तो विस्तीर्ण, करडा, भेगाळलेला तळ. त्यावर शिंपल्यांची पांढरी पखरण. त्यावर माध्यान्हीचं ऊन, निश्चल, निर्दय, निःशब्द. वाऱ्याची एखादी तप्त झुळूक येई, धूळ उठे, दोन गिरक्या घेई आणि पुन्हा खाली बसे. जिथं पुरुषभर पाणी असायचं तिथं बकऱ्या हिंडत होत्या. त्यांनाही खायला काही मिळत नव्हतं.

तलाव आटला नव्हता, रिकामा केला होता. पाण्याला शेताकडे सोडणारं जे दगडी दार पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटात असतं, ज्याला इकडे तुडुम म्हणतात, ते खचलं होतं. दुरुस्ती करायची तर पाणी काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून काढलं.

आणि हा तलाव देवानं केलेला नाही, बरं का. देवानं डोंगर केले, ओढे केले, उतार केला आणि पुढचं काम माणसांवर ढकलून तो मोकळा झाला. तीनशे वर्षांपूर्वी कवडू नावाचा एक कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीतला, या अरण्यात आला, दोन टेकड्यांमधली फट पाहून थबकला आणि गोंडराजाला म्हणाला, इथं मी पाळ घालतो. राजा म्हणाला, घाल. तुझं पाणी जेवढी जमीन भिजवील तेवढी तुझी. मग चौदा उन्हाळे टोपल्या वाहिल्या गेल्या. मुरूम, माती, दगड. मुरूम, माती, दगड. बायकांच्या डोक्यावरच्या चुंबळी झिजल्या, नव्या झाल्या, पुन्हा झिजल्या. पंधराव्या पावसाळ्यात सात डोंगरांतले सातही ओढे पाळीला येऊन टेकले आणि त्या निबिड, ऐनसागांच्या रानात पहिल्यांदाच क्षितिजाएवढं पाणी दिसलं.

पाण्यामागून पाण्याची माणसं आली. कोहळ्यांनी पाळीखालची शेतं घेतली, गोंडांनी डोंगर राखला आणि पाणी ढिवरांच्या वाट्याला आलं. काठावर ढिवरटोली वसली; तीस घरं, तीस डोंगे, जाळी वाळत घालायला तीस बांबूंच्या रांगा. ढिवर म्हणजे मासे धरणारा एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांना काहीच ठाऊक नाही म्हणायचं. मासा कुठं अंडी घालतो, कोणत्या पाण्यात कोणतं गवत उभं राहतं, कोणत्या गवतात कोणता पक्षी बसतो, हे सारं ज्याच्या तळव्यांना कळतं तो ढिवर.

काय पाणी होतं ते! काठाला कमळं, रक्तवर्ण, शतदल, उमलती, मिटती. खोलात शेवाळाची हरितश्यामल अरण्यं, त्यांतून तांबूस डोळ्यांच्या मरळी आणि मिशाळ वाडीस मासे सावकाश फिरत. आणि या दोहोंच्या मधल्या मांडीभर पाण्यात, वाऱ्यासरशी लवणारं, सूर्यासरशी झळकणारं, डोळा पुरेल तिथवर पसरलेलं देवधान.

कुणी नांगरलं नाही, कुणी पेरलं नाही, कुणी राखलं नाही. आपोआप उगवे, आपोआप पिके, आपोआप झडे. चिखलात निजे आणि पुढच्या आषाढात पुन्हा जागं होई. टरफल काळसर, कुसळ लांब, तांबूस. आत तांबड्या रंगाचा बारीक दाणा. भाद्रपदात ऋषिपंचमी येते, त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं अन्न खात नाहीत. मग खायचं काय? ज्याला बैलाचा पायही लागला नाही, ते हे देवाचं धान. टोलीच्या प्रत्येक चुलीवर त्या दिवशी त्याची पेज रटरटत असे.

ते गोळा करण्याची रीत मोठी देखणी. दाणा पिकला की वाऱ्याच्या नुसत्या फुंकरीनं झडतो, म्हणून पिकण्याच्या आठ दिवस आधी बायका डोंग्यात बसून जात. उभ्या ताटांच्या ओंब्या मुठीत धरायच्या, पात्यानंच त्यांना गाठ मारायची आणि पुढं सरकायचं. प्रत्येक घराची गाठ निराळी. कुणाची दुहेरी, कुणाची डाव्या पिळाची, कुणाची वेणीसारखी. आठवड्यानं परत जायचं आणि आपल्या गाठीखाली टोपली धरून झाडायचं. दुसऱ्याच्या गाठीला तीनशे वर्षांत कुणी हात लावल्याचं ऐकिवात नाही. आणि गाठीबाहेर राहिलेलं सारं पाण्याचं, पक्ष्यांचं, पुढच्या वर्षाचं.

सायत्राची गाठ वेणीची होती.

ती वैनगंगेपलीकडच्या एका तलावाकाठची, लग्न होऊन इथं आली. येताना लुगडी आणली, पितळी तांब्या आणला आणि माहेरची एक युक्ती आणली. येनबांधच्या बायका देवधान नुसतं वाळवून ठेवीत. फाल्गुन येईतो त्यात किडे वळवळू लागत; पाखडून, निवडून पंचमीपुरतं कसंबसं उरे. सायत्रा ते आणल्याच दिवशी उकडी. परसातल्या चुलीवर मोठं भांडं, त्यात धान, त्यावर पाणी. दाणा टरफलात फुगला की उतरवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, मडक्यात भरून तोंड शेणामातीनं लिंपायचं. टरफल मुळातच काळं, तेव्हा उकडलेलं कोणतं आणि कच्चं कोणतं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तिचं धान वर्षानुवर्षं टिके. शेजारणी विचारीत, सायत्रे, तुझंच कसं गं टिकतं? ती हसून म्हणे, हातगुण. आता बाईमाणसाला एवढी एक बढाई असू द्यावी की! नवऱ्यालाही तिनं कधी सांगितलं नाही. तो त्या वेळी जाळी लावायला गेलेला असे आणि चुलीमागच्या गोष्टीत डोकं घालणारा तो पुरुष नव्हता.

तिचा नवरा डोमाजी.

उंच, बोलका, मान ताठ. हार गळ्यात पडला की दोन दिवस काढवत नसे असा. टोलीच्या मच्छीमार संस्थेचा तो अध्यक्ष होता. आठ वर्षांपूर्वी शहराकडून एक साहेब आले, पाळीवर उभे राहून त्यांनी तलाव पाहिला आणि नाक मुरडलं. एवढं गवत कशाला, म्हणाले; जाळं अडकतं, डोंगा अडतो, मासा सापडत नाही. एक मासा आहे, गवतच खातो, दोन वर्षांत तुमचं पाणी आरशासारखं करून देईल आणि स्वतः पाच पाच किलोचा होईल. डोमाजीला पटलं. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं असतं. उभ्या आयुष्यात त्याची निम्मी जाळी शेवाळानंच फाडली होती.

मग ते गवत्या मासे आले, फुगवलेल्या पिशव्यांतून, बोटाएवढे, चंदेरी, चपळ, निष्पाप. बँड वाजला. डोमाजीनं हार घालून पहिली पिशवी स्वतःच्या हातानं पाण्यात सोडली. लोकांनी टाळ्या पिटल्या. आजूबाजूच्या चाळीस गावांनी त्याला बोलावून नेलं. तोही गेला आणि प्रत्येक पाळीवर उभा राहून त्यानं तेच सांगितलं, गवत्या सोडा, भलं होईल.

पहिल्या वर्षी शेवाळ गेलं. दुसऱ्या वर्षी कमळाचे देठ गेले. तिसऱ्या वर्षी देवधानाचे कोंब, कोवळे, पोपटी, नुकते पाण्यावर डोकावलेले, एका पंधरवड्यात खुडले गेले. उगवतील तसे खुडले गेले. गवत गेलं तशी मरळीची घरं गेली, वाडीस गेला, अंडी घालायला आडोसा उरला नाही. पाण्यावर तरंगणारी घरटी गेली, मग पक्षी गेले. साहेबांनी शब्द पाळला होता. पाणी आरशासारखं झालं होतं, आणि बघायला आभाळाशिवाय त्यात काही नव्हतं.

टोलीनं डोमाजीला बोल लावला नाही. साऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या, बोलणार कोणत्या तोंडानं?

सायत्राही भांडली नाही, आणि तेच त्याला फार लागलं. शेवटच्या साली तिनं आपल्या गाठी झाडून आणल्या, नेहमीसारखं उकडलं, वाळवलं, मडकं लिंपलं. त्यानंतर ती त्याच्या डोंग्यात बसली नाही. जेवायला वाढी, आजारपणात पाय चेपी, पण पाण्याचं नाव काढीत नसे. पाच वर्षं दर पंचमीला ती त्या मडक्यातून पसाभर काढायची, शेजारणींनाही चमचा चमचा पेज द्यायची. टोलीतल्या बाकी साऱ्या मडक्यांत किडे पडून गेले होते.

आणि आता हा उघडा तळ. शेवटच्या डबक्यात साचलेले गवत्ये, एकेक लेकराएवढे, तडफडत धरले गेले. शेवटचा डोमाजीनं स्वतः ओढून काढला. तो चिखलातच खाली बसला. आता खाणारा उरला नाही. आता बी पडलं तर उगवेल. एवढंच त्याच्या मनात आलं, पण आठ वर्षांनी मनात काहीतरी आलं होतं.

बी मात्र कुठून आणायचं? येनबांधाच्या गाळात असेल नसेल ते सारं उगवून केव्हाच खाल्लं गेलं होतं. सत्तरीतल्या त्या माणसानं सायकल काढली. उन्हातान्हात, पळसांच्या रानवाटांनी, मोहाच्या जांभुळसावल्यांतून तो तलावामागून तलाव हिंडला. पसाभर देवधान आहे का, म्हणून दारोदार विचारलं. काही ठिकाणी म्हाताऱ्या बायकांनी त्याला ओळखलं. तुम्हीच तर आला होता ना जी गवत्याचं सांगायला, त्या म्हणाल्या, अगदी सरळपणानं, चहा पुढे करत. चाळीसही गावांत दाणा नव्हता.

तो परतला तेव्हा उन्हं उतरत होती. सायत्रा ओट्यावर पळसाची पानं टाचत होती. एखादा जिन्नस ठेवावा तसा तो खाली बसला, पाणी प्यायला, आणि मग त्यानं मागितलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, त्यात त्यानं बायकोकडे काही मागितल्याचं तिला आठवेना. आजवर तो नुसतं सांगत आला होता.

"बुढे, तुह्या मडक्यातलं धान दे. पेराले."

सायत्रानं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांशी आला होता. ते उगवणार नाही, ते मी उकडलंय, त्यातला जीव मी माझ्या हातानं शिजवून टाकलाय. जगातलं सारं देवधान गेलं आणि तिचं उरलं, ते उकडलं म्हणूनच उरलं होतं. जे जिवंत होतं ते किड्यांनी खाल्लं, माशांनी खाल्लं. तिच्या मडक्यात होतं ते खायचं अन्न होतं.

पण तो पुढं बोलला.

"हे उगवलं का मी सुटलो."

काय करावं अशा वेळी माणसानं? तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. टाचा फुटून रक्त साकळलं होतं. पाच वर्षं तिनं त्याला न बोलून जाळलं होतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. ती उठली, मडकं आणलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं. उद्या सांगू, तिनं मनाशी म्हटलं. आज त्याला जेवू दे. आणि तो जेवला. दोनदा भात मागून घेतला.

उद्या कसला येतोय! सकाळी ती उठून बघते तो टोली अंगणात. डोमाजीनं रात्री निजण्याआधीच घरोघर सांगितलं होतं, सायत्राच्या मडक्यात बी निघालं म्हणून. आता एका माणसाला खरं सांगायचं राहिलं नव्हतं, तीस घरांना सांगायचं होतं. पार्बताबाई, टोलीतली सर्वांत वडीलधारी, तिच्या गळ्यात पडून रडली. सायत्रानं तिला धरून ओट्यावर बसवलं, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तुडुम नवं बसलं. ओढे वाहू लागले. तळ घोटाभर मऊ, मेघवर्ण, लोण्यासारखा चिखल झाला. त्या चिखलात डोमाजी अनवाणी उतरला, कमरेला धानाची झोळी. मागे टोली, बायका हळदकुंकू घेऊन, पुरुष उगीच मोठमोठ्यानं बोलत. मूठ उघडे, दाणे पडत. मूठ उघडे, दाणे पडत. काळे, कुसळलेले, सुंदर, निर्जीव दाणे. जिथं जिथं पडले तिथं तिथं बायकांनी जागा वाटून घेतल्या, ही माझी, इथवर तुझी, आणि त्यावरून हसत हसत भांडल्याही. सायत्रा पाळीवर उभी होती. पाय दुखतात, असं तिनं सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात तिला आणखी एक शिक्षा मिळाली. रेवता नावाची टोलीतली नवी सून, सडकेकाठच्या गावची, देवधान कधी डोळ्यांनी न पाहिलेली. ती आली आणि म्हणाली, आजी, गाठ शिकवा ना. आश्विनात माझ्या घरची गाठ कोण मारणार? मग तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. दुपारच्या वेळी काठाच्या लव्हाळ्यात सात-आठ पोरी बसत आणि सायत्रा त्यांना शिकवी. मूठ अशी धर. पातं असं वळव. घट्ट नको, ताट मोडेल. सैल नको, वारा सोडवील. पोरी चुकत, खिदळत, पुन्हा करत. शिकवताना ती रमून जाई. मग एकदम आठवे, आणि बोटं थांबत.

आषाढ गेला. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. डोमाजी पहाटेपासून काठावर बसे. वाकून बघे, उन्हाकडे पाठ करून बघे, डोळ्यांवर हात धरून बघे. एके दिवशी तो धावतच घरी आला, गुडघ्यापर्यंत चिखल, मुठीत एक पोपटी, लवलवतं पातं. त्यानं मूठ पुढं केली.

सायत्रानं पातं बोटांत फिरवलं. तिला ते दारातूनच कळलं होतं.

"लव्हाळं आहे जी," ती म्हणाली.

तो ते पातं घेऊन परत गेला आणि जिथून उपटलं होतं तिथं लावून आला.

श्रावण आला. डोंगर हिरवे झाले, पाळीवरची झुडपं हिरवी झाली, धानाची खाचरं हिरवीगार झाली. पाण्यात मात्र काही हिरवं झालं नाही. नील नभ, नील जल, निर्मल, निस्तरंग, निष्फल. ऊन पडावं आणि तिथून तसंच परत फिरावं. मांडीभर पाण्यात आता पाती दिसायला हवी होती, हे टोलीतलं पोरसुद्धा जाणत होतं. लोक डोमाजीशी बोलताना पाण्याचा विषय टाळू लागले. त्याला ती सवय होतीच.

त्याचं जेवण तुटलं. सायत्रानं ताट वाढावं, त्यानं चिवडावं, उठावं. आणि मग एका संध्याकाळी, कुणाला उद्देशून न बोलता, तो म्हणाला, "पानी मले वळखते. ज्या हातानं मारलं त्या हातचं ते घेनार नाही."

तो मूर्खासारखं बोलत होता, पण मनापासून बोलत होता. रोज तो आपले तळहात पाहू लागला. जाळं शिवायला दिलं तर नको म्हणू लागला. माझा हात लागलेल्या जाळ्यात मासा यायचा नाही, म्हणाला. एकदा रेवताचं तान्हं रांगत त्याच्याकडे आलं, तर त्यानं हात मागे घेतले.

सायत्राच्या जिवाची नुसती ओढाताण झाली. सांगावं, तर त्याच्या हातावरचा दोष सुटतो. पण मग पृथ्वीवर कुठंही दाणा उरलेला नाही हेही त्याला कळतं. न सांगावं, तर पुढच्या वर्षीची आशा राहते. पण ती आशा घेऊन जगायला हा माणूस राहतोय कुठं? ती देवापुढं बसली, देवानं काही सांगितलं नाही. त्याला काय, डोंगर करून तो मोकळाच झालेला होता.

भाद्रपद लागला. ऋषिपंचमी उजाडली.

कोवळी, केशरी, दवार्द्र सकाळ. डोंगरमाथ्यावर धुक्याच्या शुभ्र घड्या, पाण्यावर सूर्याची पहिली, लांब, थरथरती रेघ. टोलीच्या बायका आघाड्याच्या काड्या घेऊन स्नानाला उतरल्या. साऱ्या कमरेएवढ्या पाण्यात, ओल्या लुगड्यांत, तोंडानं ऋषींची नावं घेत, बुड्या मारत. त्यांत पार्बताबाई होती, रेवता होती, मधोमध सायत्रा होती. घरी पेज शिजणार नव्हती. कंदमुळं उकडायची होती.

पाळीवरून डोमाजी उतरला. बायकांच्या स्नानाच्या वेळी पुरुषानं काठाला येऊ नये, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो पाठ करून उभा राहिला, पाळीकडे तोंड, आणि त्यानं हात जोडले.

"बायाहो, वाट पाहू नका. माह्याच हातानं गेलं, माह्या हाताले परत येनार नाही. मले माफी करा."

बुड्या थांबल्या. पाणी हेलकावत राहिलं. मग पार्बताबाईनं घसा खाकरला. अरे, हात कुणाचा लागत नाही, कुणाचा लागतो, म्हणाली; त्यात काय एवढं. पुढच्या साली दुसरं कुणी पेरेल. रेवताच्या हातानं पेरू, पोरीचा हात कोवळा आहे. आणि ती सायत्राकडे वळली, साऱ्याच वळल्या. एवढं सगळं बी कोणी बाई देऊन टाकत नसते. मडक्याच्या तळाला मूठभर तरी मागे ठेवतेच. तू ठेवलं असशील ना गं, पार्बताबाईनं विचारलं, आणि तिचा चेहरा उजळलासुद्धा होता.

सायत्राच्या हातातल्या आघाड्याच्या काड्या पाण्यावर तरंगत दूर गेल्या. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. त्या पाठीचं कुबड या तीन महिन्यांत आलेलं होतं.

"ठेवलं असतं तरी कायच्या कामाचं," ती म्हणाली. "मी उकडून ठेवलं होतं जी ते. सारंच."

म्हाताऱ्यांना ते तत्क्षणी कळलं. आयुष्यभर धान शिजवणाऱ्या बायका त्या, त्यांना काय समजावून सांगायचं! पार्बताबाईनं डोळे मिटून घेतले. रेवतानं इकडे तिकडे पाहिलं. म्हणजे काय, तिनं शेजारणीला हळूच विचारलं. मग पोरीला आपलं आपणच समजलं.

डोमाजी वळला. बायका पाण्यात आहेत, हे तो विसरला, आणि बायकाही विसरल्या. तो आपल्या तळहातांकडे बघत होता, उलटेसुलटे करून, परक्याचे असावेत तसे. हातांचा दोष नव्हता. तीन महिन्यांचं ते ओझं एका शब्दासरशी उतरलं होतं. आणि त्याच शब्दासरशी येनबांधाचं देवधान, चाळीस गावांचं देवधान, तीनशे पावसाळ्यांचं देवधान कायमचं संपलं होतं. रागाचं असं काही त्याच्या चेहऱ्यावर आलंच नाही. तो एक पाऊल पाण्यात आला, आणि एखाद्या लेकरानं शेवटचं एकदा विचारून बघावं तसं त्यानं विचारलं.

"दोन-चार दाने तरी कच्चे राहले असतीन?"

तिला हो म्हणता आलं असतं. तोंडात तेच होतं. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं एक खोटं चाललं असतं, आणि हा माणूस त्या दोन-चार दाण्यांवर आणखी दहा वर्षं काठाला बसला असता, रोज वाकून बघत, रोज पातं उपटून आणत.

"नाही जी," सायत्रा म्हणाली. "माही उकड कच्ची राहत नाही."

बायकांनी उरलेल्या बुड्या मारल्या, कारण व्रत अर्धं सोडता येत नाही. मग एकेक करून त्या बाहेर आल्या, लुगडी पिळली, आपापल्या घराकडे चालू लागल्या. पार्बताबाईनं जाताना सायत्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. रेवता मागे वळून वळून बघत गेली.

सायत्रा तशीच उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात. डोमाजी काठावर बसला होता. दोघांमध्ये दहा हातांचं अंतर, आणि त्यात ढवळलेला गाळ, तांबूस, मंद, गोल गोल फिरणारा.

ऊन वर आलं. गाळ सावकाश, कणाकणानं, खाली बसत गेला. पाणी निवळलं. गुडघ्यापर्यंतचा तळ दिसू लागला, मग मांडीपर्यंतचा, मग कमरेपर्यंतचा; स्वच्छ, नितळ, लखलखीत तळ. आणि त्यात काही नव्हतं.